गोफण

देबार्कच्या कचेरीत फॉर्म भरायचा होता.
माणसं नऊ, गाडी एक, मुक्काम दोन रात्री.
‘याआधी उद्यानात आला होतात का?’
बाबांचं पेन थबकलं. त्यांनी आजीकडे पाहिलं.
येशीमेबेत आजी बाकावर, गाबीत गुरफटलेली.
म्हणाली, “नाही लिही.
तेव्हा उद्यान कुठे होतं?”

मिनीबसमध्ये पुढे मोल्ला, वाटाड्या,
मांडीवर त्याच्याहून जुनी बंदूक;
मागे आत्या, आत्याचे डबे,
काकांची दुर्बीण, जी कुणालाच मिळत नाही,
आणि माझी ब्रुकतावित, वय सहा,
जिला प्रत्येक वळणावर ओकारी
आणि प्रत्येक ओकारीनंतर भूक.
अदिसपासून दोन दिवस आम्ही भांडत आलो होतो:
खिडकी उघडी की बंद.
चढ लागला तसे आपोआप गप्प झालो.
हवा पुरवून वापरायची होती.

मग गेलाडा दिसले.
शे-दीडशे माकडं कड्यालगतच्या गवतात
ढुंगण टेकून बसलेली,
दोन्ही हातांनी पाती खुडत,
भाजी निवडायला बसलेल्या बायकांसारखी
मध्येच एकमेकींना काहीतरी सांगत.
छातीवर उघडा लाल डाग,
नरांच्या आयाळी वाऱ्याने विस्कटलेल्या.
“जगात दुसरीकडे कुठेही नाहीत,” काका कुजबुजले.
सकाळपासून ते हे प्रत्येक झुडपाबद्दल म्हणत होते.
या खेपेला खरं होतं.
सगळे फोन वर झाले.

आजी उतरली, वाकली.
आम्हाला वाटलं, चपलेचा पट्टा.
उठली तेव्हा डोक्याचा रुमाल हातात होता,
दुहेरी, टोकं बोटांत अडकवलेली,
पोटात दगड.
आणि तिचा खांदा, जो कपाटाच्या वरच्या फळीपर्यंतही
गेली दहा वर्षं जात नाही,
मागे गेला.

“माय, नको!” मोल्ला धावला. “दंड बसतो.”

आजीने आपल्याच हाताकडे पाहिलं.
माकडांनी तर मानही वळवली नाही.
“बघा,” ती म्हणाली, “लाज म्हणून नाही.
यांच्या आज्या निदान पळायच्या.”

इथे जव होतं म्हणे. या इथे, जिथे माझा बूट आहे.
ती सात वर्षांची, पहाटेपासून राखणीला,
धुक्यात डोळे फाडून.
एक डुलकी, आणि अर्धी पट्टी साफ.
त्या वर्षी वडील तिच्याशी बोलले नाहीत
थेट पुढच्या पेरणीपर्यंत.
हे तिने बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.
लग्न करून ती गेली; भाऊ राहिला,
गाव हलेपर्यंत राहिला,
मग खाली गावात पत्र्याच्या घरात
दोन हिवाळे.

मोल्लाने बंदूक खांद्यावरून काढून दगडाला टेकवली.
“कुणाची तुम्ही?”
आजीने वडिलांचं नाव सांगितलं.
तो हसला. “मग तुमच्या बांधावरून
आमचा आजोबा तीन वर्षं कोर्टात गेला.”
“खोटारडा होता तो.”
“होता,” मोल्ला म्हणाला,
आणि दोघं बसली, भाजलेलं जव चघळत,
बोट दाखवत: तिथे विहीर, तिथे ती खाष्ट म्हातारी,
तिथे चर्चचा नगारा.
आम्ही पाहत होतो. गवत होतं.

काका घड्याळ बघून कासावीस. धबधबा राहतोय,
वालिया बोकड संध्याकाळीच दिसतात,
हाडं फोडणारं गिधाड, त्याची तर वेळ ठरलेली असते.
शेवटी बोकड दिसला, एकच, फार खाली.
दुर्बीण त्यांनी आधी आजीला दिली.
ती उलटी धरून तिने बराच वेळ पाहिलं
आणि म्हणाली, “छान. लांब आहे.”

परतीला फाटकावर पाटी:
दगड, फुलं, पिसं नेण्यास मनाई.
शिपायाने सामान वरवर पाहिलं.
पहिल्याच उतारावर सीटखाली काहीतरी घरंगळलं,
डावीकडे, मग उजवीकडे,
मग पुन्हा डावीकडे.
आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे.
आजी खिडकीला डोकं टेकून झोपलेली,
किंवा झोपलेली नाही.
ब्रुकतावित म्हणाली, “मला भूक लागली.”